काठीनंतरची शाळा

हातपंपापाशी भांडण जुंपलं तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. धार जिल्ह्यातल्या मनावर भागातली दोन खोल्यांची प्राथमिक शाळा. पहिली ते पाचवीचे वर्ग, शिक्षक दोन. तिसरीतल्या एका मुलानं दुसऱ्याची ताटली चिखलात भिरकावली, दुसऱ्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि बघता बघता भोवती कोंडाळं जमलं. व्हरांड्यातून मॅडम आल्या. दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि कोंडाळ्याला "अपनी थाली धोकर अंदर" एवढंच म्हणाल्या. पोरं पांगेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. बघायला कुणी उरलं नाही तसा दोघांचाही आवेश उतरला.

मग त्या चक्क ओल्या फरशीवर उकिडव्या बसल्या आणि एकेकाला बोलू दिलं. एक बोलत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, एवढीच अट. मूळ तक्रार नंबर तोडल्याची होती. ज्यानं ताटली फेकली, त्यानं ती घासून आणून दिली. ज्यानं गुद्दा मारला, त्याला त्यांनी विचारलं, "अब तू क्या करेगा?" तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बराच वेळ उभा राहिला. मॅडमनी घाई केली नाही. शेवटी त्यानं हातपंपाचा दांडा धरला आणि दुसऱ्याला पाणी हापसून दिलं. दोघंही वर्गात गेले.

"पहले मैं भी दो लगा देती थी, भैया," त्या नंतर म्हणाल्या. दोन लगावल्या की अर्ध्या मिनिटात काम आटपायचं. पण तेच दोघं, तोच हातपंप, तेच भांडण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. आता वेळ जास्त लागतो, पण पुढचे काही दिवस शांतता असते, असा त्यांचा अनुभव.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'शिस्त' हा विषय दिला, तेव्हा मोठ्या शहरांतल्या नामांकित शाळांपेक्षा अशा शाळा पाहाव्यात असं वाटलं. धार आणि देवास इथे पवारांची संस्थानं होती. तिथल्या जुन्या वाड्यांत आजही मराठी बोललं जातं. इंदूरच्या एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला देवास. एकीकडे भिल्ल-भिलाला वस्तीची निमाडी खेडी, दुसरीकडे नोटांचा छापखाना आणि कारखाने असलेलं शहर. प्राथमिक शाळेतल्या मुलांना वळण लावायचं कसं, बक्षीस कशाचं द्यायचं आणि चुकीनंतर काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच रोजचा आहे.

कायदा पोचला, पुढचं कुणी सांगितलं नाही

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या १७व्या कलमानं मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली. १६व्या कलमानं प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्याची वाटही बंद केली. पिढ्यानपिढ्या शिक्षकाच्या हाती असलेली दोन्ही हत्यारं, छडी आणि दाखला, अशी एकदमच गेली. ती जायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या पाहणीचा अहवाल काढला. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. त्या तेरा राज्यांत मध्य प्रदेश होता आणि महाराष्ट्रही. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारलं, तेव्हा कसलीच शिक्षा झाली नाही असं म्हणणारी मुलं फक्त नऊ निघाली. ही पाहणी २००९-१० ची, म्हणजे कायदा दारात उभा असतानाची.

आज धार-देवासच्या शाळांत भिंतीवर सूचना आहे, तक्रारपेटी आहे, आणि उघड छडी बहुतेक ठिकाणी दिसत नाही. पण शिक्षकांशी निवांत बोलायला बसलं की तीच खंत वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. काय करायचं नाही हे सगळ्यांनी सांगितलं. मग करायचं काय, हे कुणीच हात धरून शिकवलं नाही. प्रशिक्षणात भाषा असते, गणित असतं, ॲप असतात. चाळीस मुलांच्या खोलीत एकानं बाक आपटायला सुरुवात केली तर पुढच्या दहा सेकंदांत काय करायचं, हा तास कुठल्याच प्रशिक्षणात नसतो. त्यामुळे छडीची जागा आरड्याओरड्यानं घेतली. काही ठिकाणी ती टोमण्यांनी घेतली, आणि मुलांना ते मारापेक्षा जास्त लागतात.

यात पालकांची भर वेगळीच. धारच्या एका शाळेत बाप मुलाला हाताला धरून घेऊन आला आणि सरांसमोर उभा करून म्हणाला, "हड्डी हमारी, चमड़ी तुम्हारी." ही म्हण तिकडे सर्रास चालते. हाडं तेवढी आम्हाला परत द्या, कातडीचं काय करायचं ते करा! त्या बापाचा मुलावर जीव होता. शिकायचं म्हणजे मार खायचा, एवढंच त्याला त्याच्या शाळेनं शिकवलं होतं.

गिजुभाईंना हिंदीत आणणारा माणूस

हा प्रश्न या मातीला नवा नाही. गुजरातीतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका हिंदी शिक्षकांपर्यंत पोचले ते काशीनाथ त्रिवेदी यांच्यामुळे. गांधीजींच्या लेखनाचा हिंदी अनुवाद करणारे हे कार्यकर्ते. धार जिल्ह्यातल्या टवलाईच्या ग्रामभारती आश्रमाशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे.

गिजुभाई मुळात वकील. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केलं. त्यांचं 'दिवास्वप्न' ही एका शिक्षकाची काल्पनिक कहाणी. चौथीचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतलेला मास्तर. पहिल्याच दिवशी तो शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्ग त्याचा पार फज्जा उडवतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो, आणि दंगा घालणारी तीच मुलं जागची हलत नाहीत. गोष्ट ऐकायची तर आधी हजेरी, आणि हजेरी गडबडीशिवाय. पोरं आनंदानं कबूल होतात.

शिक्षक प्रशिक्षणात हे पुस्तक नेहमी प्रेमाचा धडा म्हणून सांगितलं जातं. मला त्यात कसबही दिसतं. हजेरी हे नावडतं काम, गोष्ट हे आवडतं, आणि मास्तरानं आवडतं काम नावडत्याच्या मागे जोडलं. त्यात लाच नाही, धाक नाही. शिवाय गोष्ट ही शिक्षणाबाहेरची मिठाई नव्हे, तीच शिक्षण आहे. बक्षीस कसलं असावं, याचं याहून नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

याच गिजुभाईंबरोबर भावनगरला ताराबाई मोडकांनी काम केलं आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, हे त्यांनी करून दाखवलं. शाळेत न येणं हा मुलाचा गुन्हा मानून त्याला दंड करण्याआधी शाळेनं स्वतःची जागा आणि वेळ बदलून पाहिली. धारच्या डोंगराळ भागात आज उभे असलेले प्रश्न ओळखीचे वाटतात ते म्हणूनच.

माळव्यात त्यानंतरही काम झालं. १९७२ मध्ये सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९८०च्या दशकात या पट्ट्यातल्या सहावी ते आठवीच्या वर्गांपर्यंत आला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेचं देवासला केंद्र होतं. मुलांच्या हाती काम दिलं की दंगा आपोआप कमी होतो, हे तेव्हाच्या शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला.

देवासची चांदणी

देवासमध्ये माता टेकडीच्या पायथ्याकडच्या वस्तीत एक छोटी खासगी शाळा आहे. पहिलीच्या वर्गशिक्षिका मराठी. त्यांच्या घराण्याची ही देवासमधली चौथी पिढी. भिंतीवर मोठा तक्ता, त्यावर प्रत्येक मुलाचं नाव आणि नावापुढे चमकत्या चांदण्या. गृहपाठ आणला की चांदणी, रांगेत नीट उभं राहिलं की चांदणी. दहा झाल्या की पेन्सिल.

"जून-जुलैत फार छान चाललं हो," बाई सांगत होत्या. "ऑगस्टपासून बघा, तक्त्यावर तीच ती सहा-सात नावं चमकतात. बाकीच्यांनी तिकडं बघणंच सोडलं. आणि एक मुलगा मला काय म्हणाला असेल? बाई, मला चांदणी नको, मग मी बसू का खाली?"

सहा वर्षांच्या मुलानं हिशेब पुरता ओळखला होता. नीट वागणं ही विक्रीची वस्तू असेल, तर विकायचं की नाही हे विकणारा ठरवणार.

मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना सांगितलं काहीच नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक हाती दिलं. काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

यावरून बक्षीस वाईटच असा निष्कर्ष काढणारे काढतात. मला तो पटत नाही. मुलाला जे आधीच आवडतं त्यावर किंमत लावू नये, एवढं यातून नक्की निघतं. जे अजून जमतच नाही, उदाहरणार्थ दहा मिनिटं एका जागी बसणं, तिथे सुरुवातीला छोटासा टेकू द्यायला हरकत नाही, मात्र टेकू काढायचा दिवस आधीच मनात हवा.

देवासच्या बाईंनी दिवाळीच्या सुट्टीनंतर तक्ता उतरवला. त्या जागी टेबलावर काचेची बरणी आली. वर्गानं मिळून एखादी गोष्ट जमवली, म्हणजे दप्तरं आवाज न करता लावली, नवीन मुलाला सामावून घेतलं, की बरणीत एक गोटी. कुणाच्या नावाची गोटी नाही, आणि पडलेली गोटी परत काढायची नाही. हा दुसरा नियम त्यांनी विचारपूर्वक केला आहे. कमावलेलं हिरावून घेतलं की मुलं उरलेला दिवस सोडूनच देतात. बरणी भरली की शेवटचा तास गोष्टीचा किंवा मैदानावर.

सगळ्या वर्गाला एकत्र धरण्याची ही रीत १९६९ पासून अभ्यासली गेली आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या वर्गाचे दोन गट करून शिक्षिकेनं नियम मोडण्याच्या खुणा फळ्यावर मांडल्या. कमी खुणांचा गट जिंकणार, आणि दोन्ही गट मर्यादेत राहिले तर दोघेही जिंकणार. दंगा झपाट्यानं कमी झाला. त्यात धोकाही दिसला. एखादं मूल मुद्दाम खोड्या करून आपल्याच गटाला हरवतं आणि सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडतो. देवासच्या वर्गात खुणा मांडत नाहीत, गोटी फक्त भरते, त्यामुळे "याच्यामुळे आपली गेली" असं म्हणायला जागा कमी राहते.

खोडी दिसते, तिच्यामागे काय असतं

धारकडच्या शाळांत वेळ घालवला की 'वर्तनाची समस्या' हा शब्द फार सावधपणे वापरावासा वाटतो. पहिलीतलं मूल घरी भिली किंवा निमाडी बोलतं. बाई हिंदीत सांगतात, "किताब बंद करो, दो-दो की कतार में आओ." मूल जागेवरून उठत नाही, आणि नोंद होते की ऐकत नाही. मनावरच्या त्या मॅडमनी वर्गातल्या रोजच्या सूचना पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून भिलीत शिकून घेतल्या. बसा, थांबा, पाणी, लघवी, दुखतंय का, तुझी पाळी. बाईंच्या तोंडून आपली बोली ऐकून मुलं आधी खो-खो हसली. पण 'न ऐकणारी' निम्मी मुलं पंधरवड्यात ऐकायला लागली.

दुसरं प्रकरण जेवणाचं. दुपारी खाऊन झालं की काही मुलं कुंपणावरून घरी पसार. शिक्षक चिडतात. चौकशी केली तर आई कापूस वेचायला गेलेली असते आणि घरी लहान भाऊ एकटा असतो. एका शाळेनं यावर साधा तोडगा काढला: भावाला घेऊन ये. मागच्या चटईवर दोन-तीन धाकटी बसलेली असतात, वर्गात थोडी गडबड होते, पण मोठी बहीण चार वाजेपर्यंत वर्गात असते. सोयाबीनच्या काढणीत, गुजरातेत मजुरीला गेलेल्या कुटुंबांच्या परतीच्या दिवसांत, होळीआधीच्या भगोरिया जत्रांच्या आठवड्यात हजेरीचं गणित बदलतं. त्याला मुलाचं बेशिस्त वागणं म्हणून उत्तर शोधलं, तर ते कधीच सापडणार नाही.

या सगळ्यातून वगळून उरतात त्याही खोड्या असतातच. चिमटे, चोरी, शिव्या, मारामारी. मूल गरीब आहे म्हणून त्याला काहीच सांगायचं नाही, हा दयाळूपणाही मला मान्य नाही. ज्याला चिमटा बसला तोही त्याच वस्तीतला, तितकाच गरीब असतो.

चुकीची भरपाई

देवास जिल्ह्यातल्या बागली भागात एका शाळेच्या भिंतीवर चारच नियम आहेत. मुलांनी स्वतः सुचवलेले, मोठ्या अक्षरांत, शेजारी चित्रासह. प्रत्येक नियमाखाली तो मोडला तर काय करायचं, तेही लिहिलेलं. पुस्तक फाडलं तर खळ लावून चिकटवायचं. पाणी सांडलं तर पुसायचं. कुणाला मारलं तर त्याचं ऐकून घ्यायचं आणि त्याला बरं वाटेल असं एक काम करायचं. उशीर झाला तर राहिलेलं काम सुट्टीत, पण सुट्टीचा पूर्ण वेळ कापायचा नाही.

तिथले प्रधानपाठक निवृत्तीला आलेले आहेत. त्यांना मुलं अजून 'माडसाब' म्हणतात. त्यांनी मला एक यादी तोंडीच सांगितली: कधीच करायच्या नाहीत अशा गोष्टी. जेवण रोखायचं नाही. खेळ रोखायचा नाही. अभ्यास शिक्षा म्हणून द्यायचा नाही, कारण पन्नास वेळा पाढा लिहायला लावला की पाढा आयुष्यभर शत्रू होतो. आणि वर्गासमोर उभं करून काही बोलायचं नाही. जे बोलायचं ते बाजूला नेऊन.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चिंचोके असतात. सकाळी दहा चिंचोके उजव्या खिशात. एखाद्या मुलाला त्यानं केलेल्या चांगल्या गोष्टीचं नेमकं नाव घेऊन सांगितलं, "तूने उसको रबर दिया, मैंने देखा," की एक चिंचोका डाव्या खिशात. शाळा सुटेपर्यंत उजवा खिसा रिकामा झाला पाहिजे. हे त्यांनी कशासाठी सुरू केलं? एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की सबंध दिवसात ज्या मुलाचं नाव त्यांनी सर्वांत जास्त वेळा घेतलं, ते सर्वांत खोडकर मूल होतं. त्याला लक्ष हवं होतं, आणि ते मिळवायचा एकच रस्ता त्याला सापडला होता.

मी त्या वर्गात बसलो असताना हा खोडकर मुलगा, चौथीतला, उंचीनं थोराड, ग्रंथपेटीची चावी गळ्यात घालून फिरत होता. ते काम आठवड्याआठवड्यानं फिरतं. घंटा वाजवणं, रोपांना पाणी घालणं, पहिलीच्या मुलांना नळापर्यंत नेणं, सगळ्यांच्या वाट्याला सगळं येतं. पूर्वी तिथे कायमचा मॉनिटर होता. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा त्याला अधिकार. नाव लिहू नये म्हणून मुलं त्याला बोरं आणि पेरू द्यायची. मॉनिटर ही पद्धत अजून हजारो शाळांत जोरात चालू आहे. मोठ्यांनी आपलं काम एका मुलाच्या गळ्यात टाकायचं आणि त्याला बाकीच्यांचा शत्रू करायचं, हे ताबडतोब थांबायला हवं.

एकट्या शिक्षकाचं ओझं

कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं आणि भयमुक्त शाळा चालू शकते हे महाराष्ट्राला दाखवलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये सरकारी शाळांनीही ते केलं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती: शिक्षक एकटे नव्हते. ते आपसात बोलत होते, एकमेकांचे वर्ग बघत होते, फसलं तर सांगत होते.

बागलीचे माडसाब निवृत्त होतील तेव्हा त्यांचे चिंचोके त्यांच्याबरोबर जातील. धारमधल्या अनेक शाळांत अतिथी शिक्षक आहेत. त्यांची नेमणूक वर्षागणिक, त्यामुळे मुलाची नस सापडेपर्यंत वर्ष सरतं. कायम शिक्षक मतदारयाद्या आणि सर्वेक्षणं यांत अडकतात. पहिली ते तिसरी एका खोलीत, चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत. एकाला शिकवताना बाकीच्यांच्या हाती काही नसेल, तर ती खोड्या करणारच. यावर चांदण्यांचा तक्ता चालणार नाही आणि बरणीही. तिथे आधी हाताला काम हवं आणि दुसरा शिक्षक हवा.

आसपासच्या शाळांसाठी असलेल्या जनशिक्षा केंद्रात दर महिन्याला शिक्षक जमतात. त्या बैठकीत एक तास फक्त यासाठी ठेवता येईल: गेल्या महिन्यात कुठल्या मुलानं काय केलं, आपण काय केलं, पुढे काय झालं. याला पैसा लागत नाही. मनावरच्या मॅडम आणि बागलीचे माडसाब एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांनी आपापल्या वर्गात, स्वतःच्या बुद्धीनं, जवळपास एकच गोष्ट शोधून काढली आहे. ती तिसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागू नये.

आणि हे वाचणाऱ्या पालकांना, ते धारचे असोत, देवासचे असोत की पुण्या-नाशिकचे, एक विनंती. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या बैठकीला जा आणि विचारा: आमच्या शाळेत मूल चुकलं तर काय होतं, ते कुणी ठरवलं, आणि ते मुलांना आधी सांगितलं होतं का?